आईंच्या कोंबड्यांचे पाय

श्री
ता. ९ जानेवारी

चि. सौ. वन्सं यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुमचं पार्सल परवा पोचलं. त्यात निघालं ते असं: पांढऱ्या लोकरीचे गुंडे चार, आईंसाठी सुती मोजे एक जोड, खोबरेल तेलाची बाटली एक (बूच सैल होतं, म्हणून पाऊणच). तिकिटं कमी चिकटवलीत, त्यामुळे पोस्टमनने माझ्याकडून अठरा रुपये घेतले. ते मी ‘वन्सं, किरकोळ’ म्हणून मांडून ठेवलेत. मागायचे नाहीत, पण मांडलेले असावेत.

तुम्हाला सातवा सरत आला. पायांवर सूज असेल तर मीठ कमी करा आणि घरातली जड भांडी जावईबापूंना उचलू द्या. देवाने इतक्या वर्षांनी ऐकलं आहे, आता तुम्हीही थोडं ऐका. आई फेब्रुवारीअखेर तुमच्याकडे यायच्या म्हणून आतापासून पिशवी भरतात आणि रिकामी करतात.

काळजीची गोष्ट अशी की कोंबड्यांना काहीतरी झालंय. आधी तांबडी लंगडायला लागली. मी म्हटलं वय झालं असेल. पण धरून पाहिलं तर पाय चुन्यात बुडवून वाळवल्यासारखे, खवले उभे राहिलेले आणि मधून पिठासारखा भुगा. काळीचंही तसंच, कवडीचंही सुरू झालंय. सगळ्यात वाईट पाय मी पावसाळ्यानंतर बाजारातून आणलेल्या कोंबड्याचे. त्याच्या पायांवर पिसं आहेत, म्हणून आत काय आहे ते कळलंच नव्हतं.

तुमचे दादा म्हणतात, गॅरेजमधलं जळकं तेल चोपडा, नाहीतर सगळ्या देऊन टाका, रोज कोण घाण काढणार. ‘देऊन टाका’ हे ऐकल्यापासून आई धड जेवल्या नाहीत. मामंजी गेल्यापासून सकाळी उठायला त्यांना तेवढंच एक कारण आहे. तुमच्या घरी तर शंभरावर कोंबड्या. काय करावं ते सविस्तर लिहा.

तुमची,
वहिनी

ता. १५ जानेवारी

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

अठरा रुपयांची नोंद वाचून हे पोट धरून हसले. मला ती सोय नाही, माझं पोट हल्ली माझ्या दोन हातांत मावत नाही.

आधी दादाला सांग की जळकं तेल त्याच्या गाड्यांना लाव. जळकं तेल काय किंवा रॉकेल काय, कोंबडीची कातडी भाजून निघते. हा म्हातारपणाचा आजार नाही. खवल्यांखाली कीड शिरते, डोळ्याला दिसत नाही इतकी बारीक. ती आत पोखरते, म्हणून खवला उभा राहतो. उपाय स्वस्त आहे, तुला आवडेल. कोमट पाण्यात साबण घालून पाय भिजव. खवले मऊ झाले की दात घासायच्या जुन्या ब्रशने हलकेच घास. निघेल तेवढंच काढ, ओढून काढलंस तर रक्त येईल. पुसून कोरडे कर आणि व्हॅसलीन जाड थापून दे, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. किडीला श्वास मिळाला नाही की ती मरते. आठवड्यातून दोनदा, निदान महिना दीड महिना. एकदा करून बरं दिसलं म्हणून सोडू नकोस. आणि ज्या लंगडत नाहीत त्यांचेही कर, नाहीतर एकीची दुसरीला लागत राहील.

खुराड्यातलं गवत जाळ. बसायच्या दांड्या कढत पाण्याने घास, वाळव आणि फटींत खायचं तेल भर, कीड तिथे दबा धरून असते. इतकं करून उतार पडला नाही तर गुरांच्या डॉक्टरकडे औषध मिळतं, पण मग तो सांगेल तितके दिवस अंडी खायची नाहीत. नवा पक्षी आणला की तीन-चार आठवडे वेगळा ठेवायचा असतो. तू त्याला वेगळा ठेवला नाहीस, हो ना? दुसऱ्या पिंजऱ्याचे पैसे वाचवलेस.

पण मला एक कळत नाही. पाय असे व्हायला महिने लागतात. लहानपणी आई मागच्या पायरीवर बसल्याबसल्या कोणत्या कोंबडीचा खवला उचललाय ते सांगायची. तिला हे दिसलं कसं नाही? की हल्ली तिला खुराड्याकडे जाऊ देत नाहीस? रागावू नकोस, विचारते.

तुझी धाकटी नणंद

ता. २४ जानेवारी

चि. सौ. वन्सं यांस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. आई खुराड्याकडे रोज जातात, दोन्ही वेळा, आणि त्यांना अडवायची माझी छाती नाही. कोंबडा वेगळा ठेवला नाही हे खरं. पिंजऱ्याचे पैसे वाचवले हेही खरं. मोठी व्हॅसलीनची बाटली आणि दोन साबण आणले तेव्हा ते वाचलेले पैसे व्याजासकट गेले, तेव्हा आता यावर आणखी लिहू नका.

तुम्ही सांगितलं तसं सुरू केलंय. आई पायरीवर बसून कोंबडी जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरतात, मी घमेल्यात पाय भिजवते आणि घासते. पहिल्या दिवशी कोंबड्याने माझ्या मनगटावर असा ओरखडा काढला की मी देवाचं नाव घेतलं ते वेगळ्याच सुरात. आई म्हणाल्या, घासताना जप केलास तर दोन्ही कामं होतील. तांबडीचं एक नख गळून पडलं, बोटही वाळत चाललंय, ते बहुधा जाईल. बाकीच्यांचे पाय थोडे मऊ पडलेत. मी झालं म्हणून ब्रश ठेवला तरी आई बोट फिरवून सांगतात की इथे अजून एक उभा आहे. दर वेळी तो असतोच.

तुमचे दादा निवळलेत. परवा स्वतः दांड्या काढून घासून दिल्या. अर्थात त्या जागी कशा बसवायच्या ते विसरले, ते वेगळं.

सोबत बाळाची टोपी पाठवली आहे. आईंची तब्येत बरी आहे. काळजी करू नये.

वहिनी

ता. ३१ जानेवारी

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

टोपी पोचली, सुरेख आहे. पण ती आईने विणलेली नाही. टाके तुझे आहेत. लोकर वाचावी म्हणून एवढं घट्ट विणणारं आपल्या घरात दुसरं कोण आहे? चार गुंडे आईला पाठवले होते आणि तिने सुया हातात धरल्या नाहीत, असं आजवर झालेलं नाही.

मग तुझी मागची पत्रं काढून बसले. पूर्वी प्रत्येक पत्राच्या कडेला आई दोन ओळी खरडायची, डॉक्टरचं ऐक, केस बांधून झोप, असलं काहीतरी. पावसाळ्यापासून एकाही पत्रात तिचं अक्षर नाही. मी आळस समजत होते. आणि मी तुला सरळ विचारलं होतं की तिला पाय दिसले कसे नाहीत, त्यावर तू पिंजऱ्याचा हिशेब दिलास. तू हिशेबात कधी चुकत नाहीस, म्हणून आता मला भीती वाटते आहे.

काय झालंय ते लिही. मी गरोदर आहे म्हणून लपवू नकोस. न कळल्यानेच मला झोप येत नाही.

तुझी,
ठमी

ता. ८ फेब्रुवारी

चि. सौ. ठमी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

आज वन्सं म्हणत नाही. तुमच्या जन्मनावापेक्षा हेच नाव आईंच्या तोंडी असतं, म्हणून तेच लिहिते. आईंनी मला शपथ घातली होती. ती मोडते आहे. देवाशी काय ते मी बघून घेईन.

तुमचा तो प्रश्न मला फार झोंबला होता. पण त्या रागातच मी आईंकडे नीट पाहायला लागले. पहिल्या आठवड्यातली गोष्ट. तांबडीचे पाय करून मी तिला सोडलं आणि ती परसात मागे निघून गेली. आई पायरीवरून समोर पाहत म्हणाल्या की तांबडीचे पाय आता कसे पिवळेधमक दिसतात, चालही सुधारली. समोर पालथी टोपली होती. मला हसू आलं नाही. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. तेव्हा त्यांनीच विचारलं की तांबडी तिथे नाही का.

मग बोलल्या. डावा डोळा कधीचाच गेल्यासारखा आहे. उजव्याने नळीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं दिसतं. घर पायाखालचं, कोंबड्या आवाजाने आणि वजनाने ओळखू येतात, म्हणून आम्हाला कळू दिलं नाही. पाय चाचपायचं कारण पडलं नाही, त्यामुळे त्यांनाही ते दुखणं कळलं नाही. त्याचं त्यांना डोळ्यांपेक्षा जास्त लागलं आहे. माझ्या जिवंतपणी माझ्या कोंबड्या लंगड्या झाल्या, असं सारखं म्हणतात. का लपवलं असं विचारलं, तर म्हणाल्या की आंधळीच्या हातात ठमीचं बाळ कोण देईल.

तुमचे दादा दुसऱ्या दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. काचबिंदू आहे. गेलं ते परत येत नाही. उजव्या डोळ्यात उरलंय ते राखता येईल, पण थेंबांवर भागणार नाही, ऑपरेशन लगेच करायला हवं. डॉक्टरांनी वीस तारीख दिली आहे. त्यानंतर कित्येक आठवडे दिवसातून अनेकदा थेंब, पुन्हा पुन्हा तपासणी, आणि प्रवास नाही.

आई नाही म्हणतात. आधी बाळंतपण, बाळाचं तोंड एकदा बघते, मग डोळ्यांचं काय व्हायचं ते होवो. डॉक्टर म्हणाले की थांबलात तर बाळ येईल तेव्हा बघायला काही उरेलच असं नाही. तुमचे दादा ओरडले, मग बाहेर जाऊन रडले. मी म्हटलं, कोंबड्यांचे पाय वाट पाहत थांबले नाहीत, डोळा कसा थांबेल. तर म्हणाल्या की सून सासूला आणि कोंबडीला एकाच औषधाने बरं करायला निघाली आहे.

आमचं त्या ऐकणार नाहीत. ज्याच्यासाठी हट्ट आहे ते तुमच्या पोटात आहे, तेव्हा तुम्हीच लिहायला हवं. लिहा की येऊ नकोस. रागावून लिहा नाहीतर लाडाने लिहा, तुमची आई आहे. पण ‘जमलं तर’ असं लिहू नका. तेवढ्या दोन शब्दांचं बोट धरून त्या गाडीत जाऊन बसतील.

मी काय मागते आहे ते मला कळतं. आई येणार नाहीत, आणि थेंब घालायला दुसरं कोणी नसल्यामुळे मलाही येता येणार नाही. पहिल्या बाळंतपणात तुमच्याजवळ माहेरचं माणूस नसेल. माझी दोन्ही बाळंतपणं आईंनी केली. रात्र रात्र त्या माझ्या उशाशी बसल्या, आणि त्याच आईंना मी तुमच्याकडून ‘येऊ नकोस’ म्हणायला लावते आहे. अनुभवी बाई लावा, चांगली लावा, खर्च आम्ही पाठवतो. यात काटकसर करू नका. मी स्वतःच्या हाताने असं लिहिते आहे, यावरून काय ते समजा.

तुमचं पत्र मलाच त्यांना वाचून दाखवायचं आहे. माझ्याबद्दल जे लिहाल तेही मोठ्याने वाचीन, एक अक्षर गाळणार नाही. इतकी वर्षं जो लोभ केलात तो या पत्रानंतरही उरावा, एवढंच मागणं. वीस तारखेच्या आत पत्र हाती पडायला हवं. उलट टपाली कळवा.

तुमची,
वहिनी