सौजन्यराव

दि. १७ नोव्हेंबर, सोमवार

ताई,

आधी पाया पडतो. तुझा गुडघा कसा आहे? शेक घेतेस की नुसती विसरतेस? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. हिचा खोकला गेला. थोरलीला नोकरीचं बोलावणं आलंय, पण ती अजून हो म्हणत नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी मी तुझ्याकडे आलो होतो. भाऊजी आंघोळीला गेले होते. तू चहा ठेवलास आणि मी दिवाणखान्यात उभा राहून भिंतीवरचा बाबांचा ओळंबा बघत होतो. भाऊजींनी तो हौसेनं लावलाय, खाली छोटा दिवासुद्धा बसवलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आमचे सासरे गवंडी होते, हे दोरीचं वजन सोडून भिंत सरळ आहे का बघायचे. मी तो खिळ्यावरून काढला आणि तुला म्हणालो, याचा एक चांगला फोटो काढतो. तू काही विचारलं नाहीस. जुन्या साडीच्या तुकड्यात तो गुंडाळून दिलास आणि म्हणालीस, "नीट बघून घे."

फोटो काढणाऱ्याला कोणी 'नीट बघून घे' म्हणत नाही, 'नीट काढ' म्हणतात. हे रस्त्यात माझ्या लक्षात आलं.

खोटं बोललो असं नाही, फोटो काढला. पण तुला वाटला तसा नाही.

जरा मागून सांगतो. भाऊजींच्या ऑफिसात मला 'सौजन्यराव' म्हणतात, हे तुला माहीत आहे. त्यांनी बांधलेल्या इमारतींचे मी काढलेले फोटो मासिकांत, पुस्तकांत, मोठ्या फलकांवर लागले, आणि प्रत्येकाखाली एकच ओळ असायची, 'छायाचित्र सौजन्य', आणि पुढे भाऊजींच्या ऑफिसचं नाव. मीही हसून सांगायचो की माझंच नाव सौजन्य. पण आत खुपायचं. मी उन्हाच्या एका तिरिपेसाठी दिवस दिवस थांबायचो, पहिला फोटो काढण्याआधी त्या वास्तूला हात जोडायचो, आणि खाली माझा मागमूस नाही. भाऊजींना विचारलं की ते म्हणायचे, "अरे, तू घरचा. घरच्याचं नाव कोणी लिहितं का?" तू पोळी वाढताना मधे थांबायचीस. एकदा तू त्यांना म्हणालीसही, "घरचा आहे म्हणूनच लिहा की." त्यावर ते हसले होते.

गावच्या शाळेत आपले गुरुजी बिननावाचा पेपर वर धरून विचारायचे, हे अनाथ कोणाचं? आणि म्हणायचे, आधी नाव घाल, मग गणित सोडव. चुकलं तरी कोणाचं चुकलं ते कळू दे. तेव्हा वर्ग हसायचा.

या महिन्यात ऑफिसातून फोन आला. मुलींच्या नव्या वसतिगृहाला बक्षीस मिळणार, रविवारच्या पुरवणीत पानभर फोटो येणार आणि खाली माझं नाव. ठळक अक्षरात. भाऊजी स्वतः फोनवर आले. म्हणाले, "मेहुणे, आता तरी तोंड उघडून हसा. आणि हो, नावापुढे 'जसे घेतले तसे' एवढं घालतोय. लोक हल्ली फोटोवर विश्वास ठेवत नाहीत. घालू ना?"

मी म्हणालो, घाला.

ताई, त्या क्षणी मला फक्त नाव ऐकू आलं होतं.

त्या रविवारी, म्हणजे नऊ तारखेला, पेपर आणला. हिनं मोठ्यानं वाचून दाखवलं, धाकटीनं मोबाइलवर त्याचा फोटो काढला. मी देवापुढे पान ठेवलं आणि बसलो. बराच वेळ मी माझं नावच बघत होतो. मग इमारतीकडे नजर गेली. फाटकाजवळचा दिव्याचा खांब त्यात नव्हता. मी फोटो काढला तेव्हा होता, आणि आता तिथं नुसतं आकाश.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ऑफिसला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "सर, तो खांब वाकडा दिसत होता. इमारत एवढी सरळ आणि शेजारी तो तसा. पुसून टाकला."

वाकडा दिसत होता, हे खरंच. मलाही दिसला होता. आमच्या कामात उंच इमारतीचा फोटो खालून काढला की ती वर निमुळती होत गेल्यासारखी दिसते. म्हणून नंतर संगणकावर उभ्या रेषा सरळ करून घ्यायच्या असतात. इतकी वर्षं करतोय, हात आपोआप फिरतो, डोकं लागत नाही. वसतिगृहाचा कोपरा सरळ केला तेव्हा खांब कलला, आणि मला वाटलं, कुठल्या तरी ट्रकनं धडक दिली असेल.

फोन ठेवला आणि मूळ फोटो उघडला, हात न लावलेला. त्यात खांब ताठ उभा होता, कललेला होता तो इमारतीचा कोपरा.

मग एकेक आठवत गेलं. आतल्या खोल्यांचे फोटो काढताना सगळ्या खाटांच्या एकाच बाजूच्या पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या होत्या. ऑफिसचा निरोप होता की त्या काढा, घाण दिसतात. तिथल्या मावशी, म्हणजे वसतिगृह सांभाळतात त्या बाई, म्हणाल्या, "काढा बापडे, पण जाताना परत लावा हं. नाहीतर पोरी झोपेत भिंतीला जाऊन चिकटतात." मी हसलो होतो. सुतार दारं तासत होता. तो म्हणाला, "मावशी, मला इथंच एक खोली द्या आता. दर महिन्याला एक दार अडतंय." सगळे हसलो होतो. खिडकीचा पडदा वर चौकटीला चिकटलेला आणि खाली चौकटीपासून सुटलेला होता. ती फट मला फोटोत छान वाटली होती.

म्हणून मंगळवारी ओळंबा नेला. मावशींनी गच्चीचं दार उघडून दिलं. मी हात जोडले, दोरी भिंतीला लावून हळूहळू खाली सोडली. ओळंबा आधी भिंतीला घासत गेला. मग सुटला. दोरी वर बांधून खाली उतरलो, तर तळाशी तो आणि भिंत यांच्यात वीतभर हवा होती. वारा नव्हता, तरी मी बराच वेळ थांबलो. मावशीही खाली येऊन बघत होत्या. म्हणाल्या, "हे असं असतं का हो सगळीकडे?"

मी कॅमेरा लावला आणि दोरी आणि भिंतीचा कोपरा एका चौकटीत घेतला. सरळ काही केलं नाही.

गुरुवारी तुमच्याकडे आलो तो त्यासाठी. तू आतल्या खोलीत होतीस. पडदा बंद होता, पण तुझ्या बांगड्यांचा आवाज आला आणि मग थांबला. भाऊजींनी फोटो हातात घेतला, चष्मा पुसला, परत बघितला. दचकले नाहीत, ताई. त्याचीच मला भीती वाटली. म्हणाले, "जमीन थोडी बसतेच. समारंभ होऊन जाऊ दे, मग बघू." मी म्हणालो, भाऊजी, तिथं मुली झोपतात. त्यांनी फोटो उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तुम्हीच 'घाला' म्हणालात, जसे घेतले तसे. त्या फोटोखाली तुमचं नाव आहे, माझं नाही. लोक विचारतील ते तुम्हाला."

लग्नात मी तुझ्या मागे मागे रडत आलो होतो तेव्हापासून त्यांनी मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. चेष्टेत मेहुणे म्हणत, तेव्हा म्हणत असतील. हे चेष्टेतलं नव्हतं.

घरी येऊन देवापुढे बसलो. जप होईना. एकच विचार येत होता, वर कोणी विचारलं की हे कोणाचं, तर तिथं सौजन्य सांगून चालणार नाही. आणि दुसराही विचार येत होता, तो तुझा. भाऊजींचं नाव गेलं तर तू कुठं उभी राहशील? तूच मला हाताला धरून शहरात आणलंस. पहिला कॅमेरा भाऊजींनीच हातात ठेवला, तोही तुझ्या सांगण्यावरून. हे सगळं मी मांडून बघितलं. शुक्रवार तसाच गेला. कॅमेऱ्याची पिशवी उचलायची हिंमत झाली नाही.

शनिवारी मावशींचा फोन आला. न्हाणीघराचं दार अडून एक मुलगी आत कोंडली होती. सुतारानं पहार घालून काढलं. मावशी रडत नव्हत्या, नेहमीसारखं बोलत होत्या. म्हणाल्या, "पोरगी बरी आहे. पण दार काढल्यावर चौकटीच्या वर भिंतीत फट दिसतेय, माझं बोट जातंय. आणि कालपासून भिंत बोलतेय हो. टिच, टिच. पोरी म्हणतात पाल आहे. मी पण तेच म्हणते त्यांना."

ताई, हे मला तुला फोनवर सांगता आलं असतं. पण तुझा आवाज ऐकला असता तर मी गुडघ्याचं विचारून फोन ठेवला असता.

आज सकाळी कचेरी उघडताच नगरपालिकेत गेलो. बांधकाम खात्याच्या इंजिनिअरसाहेबांपुढे तीन फोटो ठेवले: मूळचा, मी सरळ केलेला, आणि ओळंब्याचा. काय कसं झालं ते सांगितलं, माझ्या हातानं रेषा सरळ केल्या तेही सांगितलं. त्यांनी शेवटचा फोटो उजेडाला धरला. आधी फोन उचलला आणि म्हणाले, "गाडी काढा." मग मला विचारलं, "बांधणाऱ्यांचं तुमचं नातं आहे म्हणे. हे फोटो नाव न घालता दिलेत तरी चालेल. कोणाला कळणार नाही."

मी पेन मागितलं.

दुपारी मुली गाद्या डोक्यावर घेऊन शेजारच्या शाळेत जात होत्या. हसत होत्या, त्यांना सुट्टी वाटत होती. मावशी फाटकात उभ्या राहून एकेकीच्या पाठीवर हात ठेवत होत्या. सगळ्या बाहेर आल्यावर साहेबांनी साखळी लावली. इमारत उन्हात सुरेख दिसत होती, पुरवणीत दिसली तशीच सरळ. शेजारी खांब नसता तर मलाही ती सरळच वाटली असती.

हे पत्र पोचेल तोवर तुमच्या दारात लोक येऊन गेले असतील. भाऊजींनी माझं नाव घरात काढायचं नाही असं सांगितलं तर काढू नकोस. मला राग नाही. ओळंबाही साहेबांनी पुरावा म्हणून ठेवून घेतलाय, तो खिळा आता रिकामा राहील. तू 'नीट बघून घे' का म्हणालीस, ते मी कधी विचारणार नाही.

तिन्ही फोटोंच्या खाली, ज्यात माझा हात फिरला त्याच्याही खाली, माझ्या अक्षरात नाव लिहून दिलंय. पूर्ण लिहिलं, मधे बाबांचं.

तुझा धाकटा