द्राक्षारिष्टाची गिऱ्हाइकं

अण्णा, आज औषधांच्या दुकानात द्राक्षारिष्टाची बाटली पाहिली. यंत्राने भरलेली, लेबल अगदी सरळ. तुमचं एकही लेबल कधी सरळ बसलं नाही. आई खळ शिजवायची, मी फासायची, तुम्ही चिकटवायचात आणि तिरकं गेलं की म्हणायचात, "औषध आत असतं."

गिरगावातल्या आपल्या दुकानामागच्या खोलीत बरण्या कोंड्यात गळ्यापर्यंत पुरलेल्या. आत मनुकांचा काढा, गूळ, आंबण्यासाठी धायटीची फुलं, तोंड कापडमातीने लिंपलेलं. तुम्ही रोज सकाळी वाकून बरणीला कान लावता. आत सूं सूं चाललेलं असेल तर थांबायचं. बरणी गप्प झाली की गाळायचं. शेजारच्या काकू आईला म्हणायच्या, "बरणीचं ऐकतात एवढं तुझं ऐकतात का गं?" एकदा मी विचारलं, अरिष्ट म्हणजे तर संकट, मग औषधाला ते नाव कशाला? तुमची कळी खुलली. "ज्याला इजा पोचत नाही ते अरिष्ट. संकट, तेही अरिष्टच. संस्कृतात दोन बिऱ्हाडं एकाच खोलीत राहतात, भांडण न करता." मी पुढे संस्कृत घेतलं, त्याला ही खोली कारण.

दारूबंदीचा काळ होता, आणि आंबलेल्या अरिष्टात थोडा मद्यांश असतोच. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा सुरू झाल्या, तशी लालबाग-परळची माणसं चौपाटीकडे जाता-येता आपल्याकडे थांबू लागली. घोषणांनी घसा बसला म्हणून औषध. काहींचा घसा सभेच्या आधीच बसलेला असे. गवतात बाटल्या रचून लालबागच्या दुकानांत पोचवणारे हातगाडीवाले मामा सांगायचे, "अण्णा, गाडी उभी करायच्या आत माल संपतो. महाराष्ट्राला लय अशक्तपणा आलाय." एक हवालदार तपासणीसाठी बाटली घेऊन गेला, आठवड्याने दुसरी मागायला आला, पहिलीत तपासणी पुरी झाली नव्हती म्हणे. माल कशासाठी खपतोय ते सगळ्या गिरगावाला कळलं होतं. तुम्ही मात्र समजत होतात, लोकांना गुण येतोय. आईने नव्या बरण्यांसाठी हातातल्या पाटल्या काढून दिल्या, त्याही हसत.

मग ती बाई आली. लालबागहून चालत. पदराखालून आपल्या दुकानाची रिकामी बाटली काढून तिने फळीवर ठेवली. "वैद्यानू, माझ्या घोवाक ताकद नको. तो शुद्धीवर ऱ्हवलो तरी पुरे."

तुम्ही गोंधळून म्हणालात, "बाई, जेवणानंतर दोन चमचे, पाण्यातून."

"चमचो खंयचो? तो बाटलीच तोंडाक लावता. पोरां कोपऱ्यात बसान ऱ्हवतत."

ती गेल्यावर तुम्ही बराच वेळ ती बाटली पुसत बसलात. दुसऱ्या दिवशी मामांना रिकाम्या गाडीने परत पाठवलंत. आई म्हणाली, "तुम्ही नाही दिलंत तर दुसरीकडून घेईल तो."

"घेईल. माझ्या हातचं नको."

पुढे चूर्णं केलीत, दंतमंजन केलंत. दातांसाठी कुणी मोर्चातून वाट वाकडी करून आलं नाही. दुकान गेलं. शिवडीला दुसऱ्याच्या औषधांच्या कारखान्यात तुम्ही बाटल्या भरू लागलात. तिथे भरायच्या आधी कान लावायला वेळ नसे, भोंगा झाला की माल तयार. आई शेवटच्या आजारातही विचारायची, "त्या बाईचा संसार सावरला असेल ना हो?" ती टोमणा मारत होती की खरंच विचारत होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हालाही आलं नसावं. तुम्ही दर वेळी तिचं पांघरूण नीट करत होतात.

तुम्ही आता नाही, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहिता आलं. तुमची ही गोष्ट मी चारचौघांत अभिमानाने सांगते, माना डोलतात, मीही डोलावते. पण अण्णा, एकटी असताना आठवते तेव्हा ती बाई कोपऱ्यावरून वळून निघून जाते, आणि तुम्ही मामांना हाक मारून गाडी भरून देता; आईच्या हातात पाटल्या परत येतात.