मी घातलेल्या चार ओळी

१९ नोव्हेंबर

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतोय आणि मी त्याच्यावर कुरकुरतोय. फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनवर मी विषय बदलतो, तुला माहीत आहे.

प्रयोगशाळेतला तुझा जुना संगणक परवा भंगारात गेला. त्यावर मी तुझ्यासाठी केलेली करामत आठवते? कशी आठवेल, तुला सांगितलीच नव्हती. आपली इंटरनेटची लाइन सारखी तुटायची आणि तू वैतागायचीस, म्हणून संगणकाला आज्ञा द्यायच्या त्या काळ्या खिडकीत मी चार ओळी घालून ठेवल्या. तू कुठलीही आज्ञा लिहून एंटर दाबलंस की ती आधी माझ्या ओळींतून जायची. काम फसलं तर त्या तीच आज्ञा परस्पर पुन्हा चालवायच्या, तुला पत्ताही लागायचा नाही. काय खूश होतो मी स्वतःवर!

आता खरं लिहितो. त्या दिवशी तू मोजणीच्या आकड्यांचा जुना संच पुसून नवा, दुरुस्त केलेला त्याच्या जागी ठेवायची आज्ञा दिलीस. काम झालं, पण तसा निरोप यायच्या आत लाइन तुटली. माझ्या ओळींना वाटलं, फसलं. त्यांनी पुन्हा पुसलं, आणि जुन्याच्या जागी आता नवा असल्यामुळे या खेपेला पुसला गेला तो नवा संच. नदीच्या पाण्याची नऊ वर्षांची मोजणी गेली.

"मी एकदाच दाबलं हो सर," तू रडत सांगत होतीस. आणि मी, सख्खा भाऊ, म्हणालो, "ती घाईत दोनदा दाबते." मला तेव्हाच कळलं होतं, चिमे. सर यायच्या आधी मी त्या ओळी काढूनही टाकल्या होत्या. तुझी नोकरी गेली, माझी राहिली.

काल सरांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "तिला लेखी देतो. तुम्ही उद्यापासून येऊ नका." बरोबरच आहे त्यांचं. ते पत्र सोबत जोडलंय. पुन्हा या कामाला जावंसं वाटलं तर दाखव.

एक मात्र मला निस्तरता येत नाही. आईला शेवटपर्यंत तुझाच घोर लागला होता. दवाखान्यात माझा हात धरून म्हणाली, "धाकटीला सांभाळ रे, फार धांदरट आहे ती."

मी "हो" म्हणालो.

माफी मागायला तोंड नसलेला,
दादा