तळ्याकाठी उभा कडूबा

५ नोव्हेंबर १९६३, मेहकर
एस.टी.तून उतरलो तो जवळजवळ नाचतच. नाशिक सुटलं, बरं झालं! वामनरावांच्या फोटो स्टुडिओतलं माझं काम मोठं गमतीचं: वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून स्वप्नातल्या जागा उभ्या करायच्या. जळगाव जामोदकडचा सातपुडा, कुठलंसं तळं, भरदिवसा भलामोठा चंद्र, पाण्यावर चालणारा पांढरा घोडा. लोक हौसेनं त्यात स्वतःला बसवून घेतात. इथली बोली ऐकून हसू येतं. ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’! आपण नाही बुवा असं बोलायचे.

९ नोव्हेंबर
तानुबाई आल्या होत्या. त्यांचा तरुण मुलगा कडूबा तापानं गेला. जन्मापासून पायांनी अधू, कधी उभा राहिलाच नाही. फोटो आहे तो नुसता चेहऱ्याचा. त्याला तळ्याकाठी उभा करून द्या, म्हणाल्या. धड कुणाचं घ्यायचं? वामनराव म्हणाले, तूच राहा उभा. राहिलो ऐटीत! चालण्यात मला कुणी हरवलेलं नाही. माझ्या धडावर त्याचं डोकं असं बेमालूम बसवलं, की बाई फोटो छातीशी धरून रडल्या. मलाही भरून आलं.

१४ नोव्हेंबर
सकाळी पावलांना मुंग्या. चिमटा काढला, कळला नाही. खाटेखाली ठेवलेल्या चपला ओल्या, त्यांना शेवाळ. मी तर खोलीबाहेर पडलो नव्हतो.
दुपारी तानुबाई पेढे घेऊन आल्या. कडूबा स्वप्नात तळ्याभोवती चालतो म्हणे.

१८ नोव्हेंबर
गुडघ्यापर्यंत काहीच लागत नाही. डॉक्टर म्हणाले, पाय ठणठणीत आहेत. वामनरावांनी घाबरून निगेटिव्हची काच फोडली. फरक नाही. फोटो तानुबाईंकडे आहे. भीतीसुद्धा धड वाटत नाही, हेच वाईट.

२१ नोव्हेंबर
वामनरावांनी टांग्यात घालून तानुबाईंकडे नेलं. फोटो परत मागितला. पाया पडलो असतो, वाकता येईना. बाई म्हणाल्या, माह्या लेकराचे पाय वापस मांगता काय? दार लावून घेतलं.

२३ नोव्हेंबर
कंबर गेली. डाव्या हातावर चहा सांडला, फोड आले, कळलं नाही. उजवा अजून माझा आहे. लिहितोय तोवर —

२४ नोव्हेंबर
आरशात पाहिलं. चेहरा तेवढा माझा. बोलायला गेलो तर —

२५
आज उठलो. माह्या पायानं. मले जमीन लागली, थंडगार. माय दारात उभी हाये. माय, पाह्य नं, मी चालून राह्य