सांडव्यावरची भिंत

उस्मानाबाद, श्रावण १९८३

प्रिय अण्णाराव,

जलपूजनाचं निमंत्रण मिळालं. प्रमुख पाहुणा म्हणून माझं नाव छापलंस, आणि मला न विचारता तलावाच्या सांडव्यावर दोन फूट भिंतही चढवलीस! वाचून अंगाचा तिळपापड झाला. सोसायटीचा चेअरमन झालास हे ठाऊक होतं. पण या तलावाचा इंजिनिअर मी आहे, तू कधी झालास रे?

बहात्तरच्या दुष्काळात कॉलेज बुडवून आपण दोघांनी याच बांधावर मातीच्या पाट्या वाहिल्या. पुढं सांडवा पहिल्यांदा वाहिला तेव्हा गावाला आनंद होण्याऐवजी हळहळच वाटली. तुझी आई, विठामावशी, काठावर बसून रडली, "एवढं पानी चाललं की रं, कुनी तरी आडवा!" मावशीचं रडणं मला कळतं. हंडाभर पाण्यासाठी तिनं काय सोसलं ते मी पाहिलंय. पण त्या रडण्याच्या आडून तू जादा पाणी अडवून सोसायटीच्या सभासदांच्या उसाची सोय केलीस, याचा मला संताप आहे.

अरे, बांध नुसता उभा नसतो, तो सोसत असतो. पाणी जितकं खोल, तितकं तळाशी जास्त रेटतं. मातीत मुरलेलं पाणी तिला आतून उचलू बघतं. वारं सुटलं की लाटा वरचा काठ खातात. हे सगळं धरूनच त्याची रुंदी आणि उतार ठरतो. सांडव्यापासून बांधाच्या माथ्यापर्यंतचे चार फूट रिकामे ठेवले होते ते पुरासाठी. त्यातले दोन तू गिळलेस! मातीच्या बांधावरून एकदा पाणी गेलं की तो धुपून जायला वेळ लागत नाही. आणि खाली थेट बौद्धवस्ती आहे. तिथल्या भिमाबाईच्या पाच लेकरांना पोहता येतं का, विचारलंस कधी? तुझं घर माळावर, म्हणून "दोन फुटानं काय हुतंय" असं म्हणायला जीभ रेटते तुझी.

ही चिठ्ठी माझा भाऊ महेबूब हातोहात आणतोय, कारण पोस्टानं उशीर होईल. पूजनाच्या दिवशी मी येणार, पण भिंत पाडायचा हुकूम घेऊन. बरोबर मजूर असतील, पोलीस असतील. हे तुला आधी सांगायची मला परवानगी नाही, तरी सांगतोय. आम्ही पोचायच्या आत पहार तू उचल. चेअरमननंच भिंत पाडली असं गाव म्हणू दे, माझं नावही नको. पण तू आडवा उभा राहिलास, तर तुला दंडाला धरून बाजूला करा असं पोलिसांना मलाच सांगावं लागेल, आणि मी सांगेन.

तुझाच,
सरदार