अकरा दिवसांचं अपेंडिक्स

डहाणू, बेड नंबर चार, खिडकीकडचा

आदरणीय रतनमामांना,

भाचा धनेश याचा पडल्यापडल्या नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण पोटाला टाके आहेत.) तलासरीला सगळे बरे ना? तुमचा गुडघा काय म्हणतो? मामीला सांगा, मी मजेत आहे. गादी मऊ, पंखा डोक्यावर, आणि चिकू उतरवायच्या ऐन दिवसांत मला कोणी काठी धर म्हणत नाय. फोन आईने काढून घेतलाय (ती वेगळी भानगड), म्हणून हे पत्र तुमच्या शेजारच्या लाहूच्या हाती देतोय.

आई म्हणाली, मंगळवारी तुम्ही टेम्पोभर माणसं घेऊन सुषमा सिस्टरची तक्रार करायला येताय. मामा, येऊ नका. ती इथे कंत्राटावर आहे. एवढी माणसं बोंबलली तर तिला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील.

तुमचा राग मला कळतो. डॉक्टर बोलले होते तीन दिवस, पंचवीस हजार. चौथ्या दिवशी घरी निघायचं तर टाक्यांत पू! तो तपासायला पाठवला, रिपोर्टला तीन दिवस, तोवर मी इथेच. रिपोर्टात निघाला दवाखान्यातला जंतू, साध्या औषधाला जुमानत नाय. (स्वभावाने आपल्याच घरातला वाटतो.) मग महागडं इंजेक्शन, दिवसातून दोनदा. झाले अकरा दिवस आणि अडुसष्ट हजार. बाबांनी नव्या पंपासाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. बिल दोनदा वाचून ते नुसते पंख्याकडे बघत बसले.

शेजारच्या बेडवर सायवनचे बारक्याकाका आहेत, पायाची जखम चिघळलेली. तोच जंतू त्यांच्यातही निघाला. म्हणून आई म्हणते, सिस्टरने त्यांची पट्टी करून तेच हात मला लावले. साफ खोटं! ती प्रत्येक बेडला हात धुते, धुऊन धुऊन तिच्या बोटांची सालं निघालीत. पण आपली माणसं? एका आजाऱ्याला बघायला आली की शेजारच्याची चौकशी केल्याशिवाय उठत नायत. आशागडची रखमाबाई आत्या आधी बारक्याकाकांचा पाय दाबून "दुखतं काय हो?" विचारून आली, मग माझ्या बेडवर बसली. सिस्टर ओरडली, "मावशी, हात धुवा!" आत्या म्हणते, "अगं, मी घरून आंघोळ करून आलेय."

आता सांगा, दोष कोणाचा?

तुमचा लाडका (अजून तरी),
धनेश

ता. क. आत्याला पण फार बोलू नका. पट्टी मीच उचलायचो. येईल त्याला सांगायचो, डॉक्टर सात टाके बोलले, मला आठ वाटतात, जरा बोट ठेवून मोजा. बावीस जणांनी मोजले. आत्याने दोनदा, चष्मा नव्हता.

ता. क. २. सिस्टरला हे सगळं सांगून टाकलं. ती एवढंच बोलली, "बाबांना तू सांगतोस की मी?" मी सांगतो बोललो. तेव्हा मंगळवारी याच, पण टेम्पो नको, एकटे या. आणि मी तोंड उघडायच्या आधी माझ्या उजव्या बाजूला येऊन बसा. टाके त्याच बाजूला आहेत, आणि बाबा डावखुरे.