लाल दोऱ्याची पोती

निपाणी, ४ एप्रिल १९३४
आक्काच्या पाटल्या मोडून घेतलेली तंबाखू आज आप्पांच्या वखारीत लावली. बारा पोती. आक्काने बोरगावहून येऊन प्रत्येक पोत्याचं तोंड स्वतः लाल दोऱ्याने शिवलं. विधवा बाई, लेकीच्या लग्नाची हीच काय ती तजवीज. आप्पांचा सगळा जन्म या धंद्यात गेला. चिमूटभर तंबाखू चोळून माझ्या नाकाशी धरली नि म्हणाले, "मास्तर, माल चांगला हाय, मंदीत स्वस्त गावलाय. आता दिवाळीपातुर बाजारात फिरकू नगा." मान डोलावली. वर्गात रोज धीर धरायला शिकवणारा मी, मला काय अवघड!

१९ मे
शाळेला उन्हाळी सुट्टी, पाय रोज बाजाराकडेच. जेवताना भाव, झोपताना भाव. बायको वैतागली आहे. गुजरातचा माल येणार, आपला कुणी विचारणार नाही, अशी बोलवा.

२ जून
विकली. सगळी.
चार जण घाबरून विकताना दिसले, मीही त्यांच्यात. एक पोतं उघडून बघावं एवढंही सुचलं नाही. आप्पांना तोंड दाखवायला नको म्हणून वखारीची चिठ्ठी घेऊन परस्पर दलालाकडे; माल तोच उचलणार. रुमालाखाली बोटं दाबून त्याने भाव सांगितला, मी घासाघीससुद्धा केली नाही. घेतल्यापेक्षा कमीच. पैसे ट्रंकेत. आक्काला कळवलं नाही.

२८ जुलै
गुजरातचा माल आला, पण थोडाच. भाव वर. फळ्यावर तारीख चुकलो, पोरं हसली.
आक्काचं पत्र, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. पोत्यांना ओल लागली नाही ना? 'नाही' म्हणून कळवलं. पोती कुठे आहेत हेही मला ठाऊक नाही. स्वतःची शरम वाटते.

११ ऑगस्ट
आप्पांनी वखारीत बोलावलं. बाराही पोती जागच्या जागी, लाल दोऱ्यासकट! दलालाने त्यांच्यासाठीच घेतली होती. पोती कुणाची हे त्यांना नंतर चिठ्ठीवरून कळलं.
"तंबाखू तीच हाय, मास्तर. तुम्ही भ्यालासा म्हणून मला स्वस्त पडली." मग म्हणाले, "मी घेतल्या भावानं परत देतो. पण आक्कांना तुम्ही सांगायचं. सांगितल्याबिगर न्हाय."
रागावले असते तर बरं झालं असतं.

१८ ऑगस्ट
आठवडाभर बोरगावला जायचं टाळलं. आज आक्काच न कळवता आली. पोती बघायची म्हणाली, तिला वखारीत घेऊन गेलो. तिने एका पोत्याची शिवण थोडी उसवून आत हात घातला, वास घेतला, खुशीत हसली. आप्पांना म्हणाली, "माझा भाऊ लई दमाचा. दुसरा असता तर भिऊन कवाच इकून मोकळा झाला असता."
आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मी दोऱ्याची गाठ चाचपत उभा. 
ती गेल्यावर आप्पा एवढंच म्हणाले की, मोठं गिऱ्हाईक आलंय, मंगळवारी माल देणार, ही बारा पोतीही.

१९ ऑगस्ट, रविवार. बोरगाव
सकाळच्या मोटारीने आलो. ट्रंकेतले पैसे खिशात, तिच्यापुढे ठेवून सगळं सांगायचं म्हणून. आक्काने विचारलं, अवचित कसा आलास? सहज, म्हटलं. तासभर झाला, भाचीच्या स्थळाबद्दलच बोलते आहे. मी ओसरीवर येऊन हे लिहीत बसलोय, भित्रा कुठला.
आतून हाक आली.
"ये रं दमाच्या माणसा, आमटी निवतीया."